आठवी शीळ

१

हे काम मला माझ्या कानांमुळे मिळालं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण असं की त्या वसंतात बेटावर रिकामी बाई मी एकटीच होते.

आमचं बोरीसोम इतकं सपाट आहे की लाटा जरा मोठ्या असल्या तर समोरच्या मोठ्या जेजू बेटाच्या किनाऱ्यावरून ते दिसतच नाही. चालत फेरी मारायला एक तास, बाळ पाठीला बांधलेलं असेल तर सव्वा. मधे सातूची शेतं, कडेनं काळ्या दगडांचे गडगे, झाड म्हणावं असं एकही नाही, आणि वारा. त्याच काळ्या दगडांचा एक गोल आडोसा पूर्वेच्या खडकांवर आहे. त्याला आम्ही शेकोटी म्हणतो, आत आग असो वा नसो. पाण्यात उतरणाऱ्या बायका तिथे कपडे बदलतात, बाहेर आल्यावर तिथेच शेकतात, भांडतात, आणि कोणाच्या सुनेला भात जमत नाही ते ठरवतात. चार वर्षं तो मान माझाच होता.

उतरणाऱ्या बायका सात. त्यांतल्या एक माझ्या सासूबाई, वय एकाहत्तर. नळी नाही, टाकी नाही. छातीत मावेल तेवढा श्वास, कमरेला शिशाचा पट्टा, हातात विळा. तळाशी जायचं, शंख आणि शिंपले खरवडून काढायचे, आणि वर येऊन आपापल्या नारिंगी तरंग्याला धरून कोंडलेला श्वास सोडायचा. तो सोडताना ओठांतून शीळ निघते. प्रत्येकीची वेगळी.

शेकोटीवर बसून त्या शिळा मोजायला एक बाई लागते. दर थोड्या वेळानं म्होरक्या ओकबुन आजी पाण्यातून हात वर करते. मग सगळ्यांनी एकेक बुडी मारायची, वर येऊन शीळ सोडायची, आणि तरंग्याला धरून थांबायचं. आजी विचारते, "किती?" शेकोटीवरची ओरडून सांगते, "सात." सात ऐकल्याशिवाय पुढचं काम नाही. आणि एक नियम पहिल्या दिवशी मला तीनदा बजावला गेला: डोळ्यांनी मोजायचं नाही. लाटेत डोकी लपतात, तरंगा मालकिणीशिवायही डुलतो. शीळ आली म्हणजे बाई आली.

आधीची मोजणारी कंबरेच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुसानला गेली आणि ओकबुन आजी आमच्या दारात येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "नारेची आई, घरी बसून पोरीचा श्वासच मोजतेस ना दिवसभर? तिकडे येऊन आमचा मोज."

ही बातमी सासूबाईंनीच पुरवली असणार. नारे आठ महिन्यांची झाली तरी मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघत असे. त्यात लग्नाआधी मी शहरातल्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांचे कान तपासायचे. कानांवर डबी चढवायची, आवाज आला की बटण दाबा म्हणायचं. आवाज नसतानाही बटण दाबणारे काही लोक असत. त्यांच्या कागदावर मी एक छोटी खूण करायचे. ती खूण म्हणजे, या माणसाला मन लावून ऐकायची फार हौस आहे.

पहिले आठ दिवस मी हवेत होते. चार वर्षांत पहिल्यांदा या बेटावर मला काहीतरी येत होतं. चुनोक मावशीची शीळ दोन तुकड्यांची, शिंक अडवल्यासारखी. मिर्योंगची बारीक, घाईची. ओकबुन आजीची इतकी हलकी की वारा पडला तरच यायची. आणि सासूबाईंची लांब, शेवटी खाली उतरणारी, चुलीवरून किटली उचलल्यावर होते तशी. नारेला बांबूच्या पाळणाटोपलीत घालून पायानं झुलवत मी मोजायचे. सात. सात. सात.

नवव्या दिवशी, लख्ख उन्हात, मी "आठ" म्हणून ओरडले.

२

पाण्यात कोणी हललं नाही. सात तरंगे नुसते वरखाली होत राहिले. मग ओकबुन आजीचा हात पुन्हा वर झाला आणि परत मोजायला सांगण्यात आलं. परत मोजलं. सात.

शेकोटीवर माझी व्हायची ती फजिती झाली. चुनोक मावशीचं म्हणणं, शहरात आठपर्यंत शिकवत असतील, पण इथे आम्हाला सातच परवडतात. मिर्योंग म्हणाली की आपलं वजन इतकं वाढलंय की आपल्याला दोनदा मोजलं असेल तर सुनेचा दोष नाही. सासूबाईंनी माझ्या बाजूनं, म्हणजे त्यांना वाटतं माझ्या बाजूनं, सांगितलं की पोर रात्री झोपू देत नाही, हिचं डोकं ठिकाणावर नसतं. सगळ्या खदखदून हसल्या. मीसुद्धा.

ओकबुन आजी हसली नाही. लापशीच्या वाटीवर फुंकर घालत बसली. बाकीच्या ओले रबरी पोशाख सोलायला आत वळल्या तेव्हा तिनं वाटी खाली ठेवली.

"कुठून आली?"

मी गाय खडकाकडे बोट केलं. बसलेल्या गायीसारखा तो खडक पाण्यात शंभरेक पावलांवर आहे. आवाज त्याच्या मागून आला होता.

"परत आली तरी सात सांग."

"पण आजी, आठ आल्या तर…"

"बायका किती आहेत?"

"सात."

"मग."

यात चुकीचं काहीच नव्हतं. मी मान हलवली. पण घरी परतताना गडग्यांच्या मधून चालता चालता मला एक गोष्ट खटकत राहिली. तिनं "कुठून" विचारलं. मला भास झाला असं जिला वाटतं, ती बाई "कुठून" विचारत नाही.

३

दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी वारा होता, सात. चौथ्या दिवशी दर मोजणीला आठ. मी इमानानं "सात" ओरडत राहिले.

सांगायला लाज वाटते, पण मला मजा येत होती. कोडं सुटेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि वर्षभर दुपटी धुतल्यावर कोडं म्हणजे मेजवानी. ही शीळ आधी कोणाचीच नव्हती. नुसती हवा, नवशिक्या पोरानं बासरीत फुंकावी तशी. मग ती लांबायला लागली. शेवटी खाली उतरायला लागली. आठवडाभरात मी डोळे मिटून सांगू शकले असते की ही सासूबाईंची शीळ आहे, फक्त गायीच्या पलीकडून येणारी.

म्हणजे प्रतिध्वनी. मला इतका आनंद झाला की मी नारेचा पापा घेतला. सासूबाई गायीच्या जवळ काम करतात, खडक आवाज परतवतो, संपलं कोडं. ओहोटीला नारेला पाठीशी बांधून मी खडकांवरून गायीपाशी जाता येईल तेवढी गेले आणि टाळ्या वाजवल्या. टाळी परत आली. शीळ घातली, तीही परत आली. पाठीवर नारे खिदळली. मी आणखी दोनदा शीळ घातली, आणि दोन्ही वेळा गायीनं ती शहाण्यासारखी परत केली.

घरी येऊन मी तेशिकला, म्हणजे नवऱ्याला, सगळं रंगवून सांगितलं. तो जेजूच्या बोटीवर इंजिन बघतो. त्याच्या मते मी दवाखाना सोडायला नको होता. आणि हे तो कौतुकानं म्हणाला की कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीची बुडी. एकेक शीळ आली. चुनोक मावशी. मिर्योंग. आणखी तिघी. ओकबुन आजी. मग गायीच्या मागून ती लांब, उतरती शीळ. आणि त्यानंतर, चांगली दोन लाटा गेल्यावर, गायीच्या अलीकडे सासूबाईंचं डोकं वर आलं आणि त्यांनी श्वास सोडला.

मी टोपली झुलवायची थांबले. प्रतिध्वनी आधी येत नाही.

४

त्या दिवशी दुपारी सासूबाई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आडव्या झाल्या. जमीन खालून तापवलेली, खिडकी अर्धी उघडी, त्यातून सातूच्या शेतांचा हिरवा पट्टा आणि वर समुद्राची रेघ. मी दारात बसून मुळ्याच्या फोडी करत होते. नारे त्यांच्या कुशीत.

त्यांनी डोळे मिटायच्या आधी मी त्यांना म्हटलं होतं की परवा शेवाळ काढायचा दिवस आहे, त्या दिवशी गायीकडे जाऊ नका. कारण विचारल्यावर मी प्रवाहाचं काहीतरी सांगितलं. त्या हसल्या. माझ्या नणंदेला, म्हणजे त्यांच्या मुलीला, नववा महिना लागला होता. बाळंतिणीला शेवाळाचं सूप लागतं, आणि तिच्यासाठीचं पान मुळापासून टोकापर्यंत अखंड हवं. कापायचं नाही, दुमडायचं नाही, नाहीतर बाळंतपण अडतं अशी समजूत. तसली माणसाहून लांब पानं फक्त गायीच्या मागेच येतात.

"तुझ्या वेळचं कुठून आणलं होतं वाटतं?" त्या म्हणाल्या. "तेव्हा बरी नाही अडवलीस."

तेव्हा मी पंधरा दिवस रोज तीन वेळा ते सूप प्यायले होते. मी पुढचा मुळा घेतला.

त्या झोपल्या. श्वास घेतला, सोडला. जुन्या बायका झोपेतही थोडी शीळ घालतात, छातीला सवय लागलेली असते. घेतला, सोडला. मी फोडी करत होते आणि सवयीनं मोजत होते, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा आकडा दुप्पट होतोय. त्यांनी श्वास सोडला की एक. मग त्या श्वास घेत असताना, मधल्या रिकाम्या जागेत, आणखी एक सोडलेला. दूरचा. खिडकीतून येणारा. तितकाच लांब, तसाच शेवटी उतरणारा.

मी उठून खिडकी लावली. खोली शांत झाली. सासूबाईंनी घेतलेला श्वास तसाच छातीत राहिला.

एक, दोन, तीन, चार. नारेनं झोपेत हात हलवला. नऊ, दहा. मी खिडकी उघडली, आणि त्यांनी श्वास सोडला.

वय झालं की झोपेत श्वास अडतो. दवाखान्यात मी अशी किती माणसं पाहिली होती. त्याला नाव आहे, त्यावर यंत्र मिळतं. मी स्वतःला हे नीट समजावलं आणि मुळा खारट केला.

५

शेवाळाचा दिवस म्हणजे आमच्याकडे वर्षाचा सण. हिवाळाभर पूर्वेच्या खडकांना कोणी विळा लावायचा नाही, अशी सगळ्यांनी मिळून घातलेली बंदी असते. ती त्या सकाळी भोंगा वाजला की उठते. पहिल्या बोटीनं शहरातले मुलगे, जावई, सगळे ओढायला येतात. बोट त्या दिवशी दुपारपर्यंत धक्क्यालाच, म्हणून तेशिकही गुडघाभर पाण्यात उभा होता, हातात दोर. हवा अशी की पाण्यात तळाचा वाळूचा कण दिसावा. बायका काठावर रांगेत, डोळ्यांवर लावायच्या काचा कपाळावर चढवलेल्या, एकमेकींना कोपरं मारताहेत. चुनोक मावशी सत्तरीची आहे हे त्या दिवशी कोणाला पटलं नसतं. माझ्याही अंगात आलं होतं. मी नारेला टोपलीत उभं धरून दाखवत होते, ती बघ आजी, ती बघ.

भोंगा वाजला. सातही जणी पाण्यात पडल्या त्याचा एकच आवाज झाला.

मग नुसती धांदल. काळंहिरवं शेवाळ जाळ्यांतून फुगून वर येतंय, पुरुष ओढताहेत, खडकावर ढीग लागताहेत, सगळीकडे खारट, हिरवा, ओला वास. पहिली मोजणी, आठ. मी ओरडले, "सात." दुसरी, आठ. "सात." तिसरी, आठ. प्रत्येक वेळी दोन उतरत्या शिळा, एक गायीच्या अलीकडे, एक पलीकडे. मी गोंधळात इतकी रमले होते की भीतीही वाटेनाशी झाली होती. सवय होते माणसाला.

चौथ्या मोजणीपर्यंत सासूबाई त्या लांब पानासाठी गायीच्या मागे गेल्या होत्या. ओकबुन आजीचा हात. सगळ्या खाली गेल्या. चुनोक मावशी. मिर्योंग. तिघी. ओकबुन आजी. मग ती उतरती शीळ.

सात. बरोबर सात.

"सात," मी ओरडले. खूप दिवसांनी खरा आकडा, म्हणून जरा जोरातच ओरडले. बायका परत खाली गेल्या. मी टोपली झुलवायला पाय पुढे केला आणि तो तसाच राहिला.

उतरती शीळ एकच आली होती.

दोघींपैकी कोणाची?

६

आकडा चुकला असता तर कोणीही धावलं असतं. आकडा बरोबर होता. बरोबर आकड्यावर आरडाओरडा करणाऱ्या बाईला या बेटावर पुढची तीस वर्षं काय काय ऐकावं लागेल, तेही मला त्या क्षणी सुचलं, इतकी मी शहाणी आहे. आवाज नसताना बटण दाबणाऱ्या लोकांच्या कागदावरची ती खूणही आठवली.

नारेला उचलून मी शेजारून जाणाऱ्या कोणाच्यातरी जावयाच्या हातात दिलं आणि खडकांवरून गायीच्या बाजूला पळाले. शिंपल्यांनी तळवे कापले, ते नंतर कळलं. गायीची पलीकडची बाजू दिसेल अशा एका उंच दगडावर चढले.

पहिल्यांदा मी डोळ्यांनी मोजलं.

सासूबाईंचा तरंगा तिथे होता, लाल चिंधी बांधलेला. त्याला धरून त्या होत्या. काळी टोपी, काळे खांदे, पाठ माझ्याकडे. मला हायसं वाटलं. मी "आई" म्हणून हाक मारली.

डोकं वळलं. डोळ्यांवरची काच उन्हात चमकली, आणि मग चमक सरली. काच आतून पाण्यानं भरलेली होती. बाहेर स्वच्छ ऊन, कोरडा वारा, आणि काचेच्या आत काठोकाठ पाणी. त्यात बारीक पांढरे केस हळूहळू एका बाजूला जात होते आणि परत येत होते, तळाशी शेवाळ हलतं तसे. केसांच्या मागे आणखी काही असेल तर ते मी पाहिलं नाही.

ओठ गोल झाले. शीळ आली. लांब, शेवटी उतरणारी.

आणि मी वळून, जितका घसा होता तितक्यानं ओरडले, "सहा."

माझ्या माहितीत हा आकडा या बेटावर कोणी ओरडलेला नव्हता. काठावरचे दोर थांबले. पाण्यातून एकेक डोकं वर आलं. कोणी "काय" विचारलं नाही, कोणी हसलं नाही. ओकबुन आजीनं फक्त माझा हात कुठे आहे ते पाहिलं. मी तरंग्याखालच्या पाण्याकडे दाखवत होते, गायीच्या पोटाशी, जिथे शेवाळ सगळ्यात काळं होतं.

सहाही जणी तिकडे निघाल्या. सगळ्यात पुढे आजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बाणासारखी. तरंग्यापाशी जे होतं त्याच्या हातभर अंतरावरून ती गेली. जाताना तिनं मान दुसरीकडे वळवली. घरात शिरताना ओळखीचं पण नकोसं माणूस ओट्यावर बसलेलं असावं, तशी. तिच्या मागून गेलेल्या चुनोक मावशीनंही वळवली. मिर्योंगनंही. मग सगळ्या खाली गेल्या, आणि मी परत पाहिलं तेव्हा तरंगा एकटाच डुलत होता.

सासूबाईंना वर आणलं तेव्हा त्यांच्या दोन्ही पायांना आणि कमरेला शेवाळाचे वेढे होते, आणि मुठीत एक पान, माणसाहून लांब, अखंड. तेशिकनं त्यांना खडकावर आडवं केलं. किती वेळ खाली होत्या? मोजणीच्या बुडीपासून धरलं तर ज्या वेळाला दवाखान्यात माणसाच्या नातेवाइकांना बाहेर बसायला सांगतात, तेवढा. ओठ शाईसारखे. तेशिक छाती दाबत होता, रडत होता, मोजत होता.

कोणीतरी गायीकडे पाहिलं असावं, कारण सगळ्यांनीच पाहिलं. तिकडून शीळ आली.

त्याच क्षणाला सासूबाईंच्या ओठांतून ती निघाली. तीच. आणि त्यांनी डोळे उघडले.

७

नणंदेला मुलगा झाला. मुठीतलं पान सोडवायला दोघी लागल्या होत्या, पण ते न मोडता, न दुमडता बोटीनं गेलं.

जेजूच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो काढले. या वयाला इतकी चांगली फुप्फुसं पाहिली नाहीत म्हणाले, आणि तरी पाण्यात उतरायचं नाही अशी ताकीद दिली. सासूबाईंनी मुकाट्यानं मान हलवली. त्या हल्ली बऱ्याच गोष्टींना मान हलवतात. बेटावर माझी पत एकदम वाढली. चुनोक मावशीनं स्वतःच्या हातचा मुळा आणून दिला आणि वर म्हणाली की तुझा खाऊन या घरातली माणसं आजवर जगली कशी.

सहाजणी पहिल्यांदा उतरल्या त्या सकाळी सासूबाई माझ्यासोबत शेकोटीवर आल्या. नारेला मांडीवर घेऊन बसल्या. मी मनाशी पक्कं केलं होतं. खोटा आकडा एकदा सांगून झाला होता, त्यानं काय झालं असतं तेही पाहिलं होतं. आता बायका जितक्या, तितकाच आकडा.

ओकबुन आजीचा हात वर झाला. सगळ्या खाली गेल्या. सहा शिळा आल्या. मी थांबले. गायीच्या मागून सातवी आली.

"किती?"

"सहा," मी ओरडले.

बायका पुढच्या बुडीला गेल्या. मला फार मोकळं वाटलं. हे सासूबाईंना सांगावं म्हणून मी वळले. त्या समुद्राकडे बघत होत्या. पाठ ताठ, ओठ घट्ट, गाल किंचित फुगलेले. बुडी मारायच्या आधीचा तो चेहरा मी शेकडो वेळा पाहिलेला. नारे त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होती.

मी हाक मारली. हात धरला. हात गार होता, पाण्यात असावा तसा, आणि बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. मी नारेला त्यांच्या मांडीवरून काढून घेतलं. पाठीवर थोपटलं, मग मारलं. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले, शांतपणे, खालून वर बघावं तसे. ओठ निळे व्हायला लागले होते. समुद्रावर चुनोक मावशीची शीळ आली, मिर्योंगची आली. गायीच्या मागे काही नाही. मी मोजत होते, थांबवता येत नव्हतं. शंभर. दीडशे. दोनशेच्या पुढे गेल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक. नारेला छातीशी धरून मी उभी राहिले आणि कोणीही विचारलेलं नसताना समुद्राकडे तोंड करून ओरडले, "सात."

गायीच्या मागून शीळ आली. माझ्या शेजारूनही आली, एकाच सुरात, आणि सासूबाईंच्या गालांवर रंग चढला.

"ओरडतेस कशाला?" त्या म्हणाल्या. "पोर दचकेल."

पाण्यात ओकबुन आजीनं काच कपाळावर सरकवली. माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला.

"किती?"

तेशिकनं परवा विषय काढला. जेजूच्या धक्क्यावर त्याला कायमचं काम मिळतंय, राहायला खोली आहे, खाली पाळणाघर, चौकात दवाखाना, मीही परत कामाला लागेन. लग्नापासून मी याच वाक्याची वाट पाहत होते. मी म्हटलं की आईंना सोडून कसं जायचं. तो म्हणाला, त्यांनाही नेऊ. मी खिडकी बंद करून पाहिली होती ते त्याला काय सांगणार? मुळा चिरत मी पुटपुटले की नारेला इथली हवा मानवते.

आज लाटा मोठ्या आहेत. सहाही तरंगे मधूनमधून दिसेनासे होतात. मोजणीची बुडी झाली, आणि मी ऐकतेय. चुनोक मावशी आली. मिर्योंग आली. ओकबुन आजीची वाऱ्यात आली की नाही, नीट कळलं नाही. बाकीच्यांची आली असावी. गायीकडून अजून काही नाही. शेजारी सासूबाई ताठ बसल्यात, ओठ मिटून.

आजीचा हात वर आहे की नाही, लाटेमुळे दिसत नाही. कोणीतरी "किती?" विचारलं.

"सात," मी म्हणाले, आणि शेजारी श्वास सुटला.